कुंकू लावलेला मदरबोर्ड

अकरा वाजून सतरा मिनिटं झाली होती, सकाळची, मला पक्कं माहीत आहे, कारण कुकरची दुसरी शिट्टी झाली होती आणि मी तिसरीची वाट बघत घड्याळाकडे तोंड करून उभी होते, तेवढ्यात सुरतहून फोन आला आणि पहिलं वाक्य काय, तर "प्रोसेसर मी मागवलाय, बाकीचं रितेशला सांग." मागवलाय म्हणे. जेवलीस का, पोरगी शाळेत गेली का, काही नाही, डायरेक्ट प्रोसेसर. मी ऐकत राहिले, तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली, पाचवी झाली, वरण खाली लागलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात जे लागलंय ना... तुम्हाला सांगते, ते अजून खरवडून निघालेलं नाही.

फोन करणारे म्हणजे भूमिकाचे पप्पा. नाव ललित, मी एरवी घेत नाही, पण तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून एकदा घेतलं. सुरतला साडीच्या मिलमध्ये असतात, दोन महिन्यांतून चार दिवस घरी. रितेश म्हणजे माझा दीर, इथंच बुऱ्हाणपूरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो, म्हणजे शिकतो असं तो म्हणतो. आणि भूमिका आमची पोरगी, नऊ वर्षांची, चौथीत.

आता तुम्ही म्हणाल, नऊ वर्षांच्या पोरीला गेमचा कॉम्प्युटर कशाला पाहिजे. मी पण हेच म्हटलं होतं, तुमच्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हटलं होतं. मी ती बाई आहे जी पोरगी सायकल चालवते तेव्हा मागून पाण्याची बाटली घेऊन पळते. पण बापाचा फोन आला की ही पोरगी काय बोलते ऐका. "हं. जेवले. हं. झाला. ठेवू?" अकरा सेकंद. मोबाइलमध्ये लिहून येतं ना किती वेळ बोललं ते, मी रोज बघते. अकरा, चौदा, नऊ. तिकडे तो माणूस फोन कानाला लावून बसलेला, इकडे ही पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत उभी. आणि राखीला ते घरी आले, तेव्हा त्यांच्या मोबाइलवर दोघांनी मिळून एक घर बांधायचा गेम खेळला, ठोकळे लावायचे, पूल करायचा, नदी आणायची... तर दोन तास पोरीचं तोंड बंद नाही. पप्पा इकडे या, पप्पा तिकडे खड्डा आहे, पप्पा आमच्या वर्गातली तृप्ती मला बाकावर सरकू देत नाही, पप्पा मला मोरीत पाल दिसली तेव्हापासून मी एकटी जात नाही. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी चोवीस तास घरात, मला नाही सांगितलं, आणि पूल बांधता बांधता बापाला सगळं सांगून मोकळी.

ते गेले, आणि परत अकरा सेकंद.

म्हणून ठरलं. सुरतला त्यांच्या खोलीत सागर म्हणून जोडीदार आहे, त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे. तिकडून हे बसणार, इकडून ही बसणार, रोज सात ते आठ, एकाच गेममध्ये. मोबाइल नको, कारण पोरीला चष्मा लागलाय आणि डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले मोबाइल बंद, मोठा पडदा, हातभर लांबून. म्हणून मी हो म्हटलं. कोणी विचारलं तर सांगा, मी स्वतः हो म्हटलं. पण मी कॉम्प्युटरला हो म्हटलं होतं, ह्या सगळ्याला नाही.

मी म्हटलं, दुकानात जा, तयार घ्या, प्लग लावा, संपलं. तर रितेश असा हसला, असा हसला, जसं काही मी त्याच्या लग्नात भाड्याची नवरी आणा म्हटलं. "वहिनी, रेडीमेड कोण घेतं? अपन असेंबल करेंगे. एकेक पार्ट निवडून. तुम्ही राहू द्या, तुम्हाला नाही समजायचं."

बरोबर आहे. मला काय कळतं, मी सातवी.

तर आता ऐका पार्ट. प्रोसेसर म्हणजे त्याचं डोकं, बिस्किटाएवढं. मदरबोर्ड म्हणजे पाट, ज्याच्यावर सगळे बसतात. रॅम म्हणजे फुटपट्टीचा तुकडा. ग्राफिक कार्ड म्हणजे वीट, वजनाला पण वीटच. मग ह्या सगळ्यांना करंट वाटून देणारा एक डब्बा, बघायला मोठा पडदा, आणि हे सगळं ठेवायला कॅबिनेट, त्याला एका बाजूनं काच. काच कशाला, मी विचारलं, पोरगी धडकली, फुटली, पायात घुसली तर? "वहिनी, आतले लाइट दिसायला पाहिजेत ना." आत लाइट कोणाला पाहिजेत? आत कोण राहायला जाणार आहे? आणि पंखे. सहा पंखे, तुम्हाला सांगते. आमच्या खोलीत माणसं चार आणि पंखा एक, तो पण तीनवर टाकला की कर्र कर्र करतो, आणि त्या कपाटाला सहा, सहाही रंगीत. रॅमला लाइट, बोर्डाला लाइट... मी म्हटलं देवघरातला बल्ब दोन महिने झाले गेलाय, आधी तो बदल. ते त्याला ऐकू आलं नाही. मी म्हटलं मागच्या गल्लीत पॉवरलूम चालू झाले की आपला दिवा डोळे मिचकावतो, ह्याला शॉक बिक लागला तर? "ते नंतर बघू वहिनी." मी तेव्हाच ठरवून टाकलं, पोरगी चप्पल घालूनच बसेल.

आणि हे दोघं भाऊ. भांडण नाही, अबोला नाही, पण एकमेकांना फोन करणार नाहीत. बोलतात ते माझ्या तोंडून. "रितेशला सांग, बोर्ड साधा घे, फक्त माझ्या प्रोसेसरला जुळणारा घे." मी सांगितलं. भाकरीचे हात धुऊन, शब्द न शब्द सांगितला. "दादाला सांगा टेन्शन नको, मी पांढरा बोर्ड पाहून ठेवलाय, काय दिसतो, आजच सेलमध्ये आहे." अरे पण जुळतो का? "जुळेल ना वहिनी, आजकाल सगळं जुळतं." मी सुरतला कळवलं की जुळेल म्हणतो. सुरतहून आलं, "जुळेल म्हणतो ना? मग झालं." म्हणजे ह्याला वाटतं दादानं पाहिलं असेल, त्याला वाटतं रितेशनं पाहिलं असेल, आणि मधे मी, टपालाची पेटी. पेटीला कोण विचारतं आत काय आहे.

बरं, मागवलं कधी? गणपती बसलेले तेव्हा. आलं कधी? पित्तर बसले, पितृपक्ष लागला, त्याच दिवशी. पार्सलवाला खोकं घेऊन दारात, आणि सासूबाई, धुरपदाबाई, उंबऱ्यावर आडव्या. "नवी वस्तू पित्तरात घरात यायची नाही." मी म्हटलं, आई, पैसे भरलेले आहेत. "भरू दे. मी ह्या घरात आले तवापासून पित्तरात सुई बी आणली नाही." पार्सलवाला बिचारा बाइक चालू ठेवून उभा. "भाभी, ओटीपी बोलो ना, धूप लग रही है." मग काय केलं मी, ओटीपी दिला आणि खोकं उचलून समोर शबानाभाभींकडे नेलं. त्यांच्याकडे पित्तर नसतात. भाभी एवढंच म्हणाल्या, "रख दो पूर्णिमा, पेटी के ऊपर जगह है." असे तीन दिवसांत सात डब्बे शबानाभाभींच्या पेटीवर. आमचे पित्तर इकडे खीर खाऊन राहिले आणि आमचा कॉम्प्युटर तिकडे पाहुणा.

आणि उघडायचे कधी? तर दसऱ्याला. आमच्या सासऱ्यांची बहादरपूरला केळीची बाग आहे, दसऱ्याला त्यांचे कोयते पुजतात, पाण्याची मोटार पुजतात, माझी शिलाई मशीन पुजतात, त्याच पाटावर हा पण पुजायचा आणि मगच उघडायचा. सासूबाईंचा हुकूम. दसऱ्याला भूमिकाचे पप्पा चार दिवस घरी येणार होते, पोरीला शेजारी बसवून दोघं जोडणार होते. पोरगी तर कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. सगळे खुश. मी सोडून सगळे.

कारण मला झोप नाही. मी शहाणी नाही, पण मला सांगा, कुकरचं रबर आणायचं असलं की आपण काय करतो? झाकण घेऊन जातो ना दुकानात? लावून बघतो ना? मग एवढा महागाचा पाट आणि एवढं महागाचं डोकं, कोणी एकदा एकाला दुसऱ्याशेजारी ठेवून तरी पाहिलं का? मी गेले शबानाभाभींकडे. डब्बे फोडले नाहीत, नुसते वाचले. प्रोसेसरच्या डब्ब्यावर ए, एम, चार. बोर्डाच्या डब्ब्यावर एल, जी, ए आणि पुढं सतराशे. एबीसीडी येते हो मला, सातवी म्हणजे अंगठा नाही. एका लग्नपत्रिकेच्या मागं भूमिकाच्या पेन्सिलीनं दोन्ही उतरवून घेतलं. एकीकडे चार, एकीकडे सतराशे. तीन लिटरचं रबर पाच लिटरच्या कुकरला बसतं का?

रितेशला दाखवलं. "ते मॉडेल नंबर असतात वहिनी." सुरतला सांगितलं. "तू कशाला डोकं लावतेस, रितेश आहे ना." मी म्हटलं, मग शबानाभाभींकडेच उघडून बघू, घरात नाही आणायचे. रितेश म्हणाला, सील तुटली तर कंपनी परत घेत नाही. परत किती दिवसांत घेते? "दहा." आणि आपण उघडणार कधी? "दसऱ्याला." दसरा कधी? पंचवीस दिवसांनी. म्हणजे बघा हं, परत करता येतो तोवर उघडायचा नाही, आणि उघडायचा तेव्हा परत करता येत नाही. मी त्याला बोटावर मोजून दाखवलं. तर म्हणतो कसा, "वहिनी, तुम्ही लय निगेटिव्ह विचार करता."

हो रे बाबा. मला काय कळतं, मी सातवी.

आठव्या दिवशी मी उठले, दोन्ही डब्बे कापडी पिशवीत घातले आणि बाजारातल्या त्या मोठ्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. नाव घेत नाही, फुकट जाहिरात कशाला. आत एसी, गोल फिरणारी खुर्ची, तिच्यात मालक फिरून राहिला. मी म्हटलं, भैया, हा ह्याच्यात बसतो का, एवढंच सांगा. त्यानं पिशवीकडे पण पाहिलं नाही. "भाभीजी, आप रहने दो. भैया को भेजो." म्हटलं भैया सुरत में हैं. "तो छोटे भैया को भेजो." अहो, दोन डब्बे, दोन ओळी, नुसतं वाचा... "टेक्निकल है भाभीजी, आपको समझाऊंगा तो भी क्या फायदा." आणि खुर्ची तिकडे फिरवली. माझ्यामागं एक माणूस उभा होता, त्याला माउसखाली ठेवायचं रबराचं फडकं पाहिजे होतं. फडकं. त्याला म्हणतो, "हां बोलो भैया," आणि पंधरा मिनिटं त्याला फडक्याचे प्रकार समजावले, हे घसरतं, हे घसरत नाही, ह्याला कडेनं शिलाई आहे. मी तिथंच उभी, पिशवीचे बंद बोटात रुतलेले. शिलाईचं तर मी त्याला सांगितलं असतं, ती शिलाई उसवणार होती. पण मला कोण विचारतं. घरापर्यंत चालत आले, रिक्षाला हात पण केला नाही, एवढा राग. डब्बे परत पेटीवर. शबानाभाभींनी न विचारता चहा ठेवला. दोन दिवसांनी दहा दिवस संपले.

मग घट बसले, घट उठले, दसरा आला. हे आले. पोरीनं नवा फ्रॉक घातला, चप्पल मी घातली तिला. सगळे डब्बे मिरवणुकीनं समोरून इकडे आणले, सील तोडली, पाटावर मांडले, कोयत्यांच्या आणि माझ्या मशीनच्या मधे. झेंडूची फुलं, आपट्याची पानं. सासूबाई ताम्हण घेऊन पुढं आल्या आणि बोर्डाकडे बघून विचारतात, "याचं तोंड कुठल्या बाजूला वं?" रितेशनं मधे बोट दाखवलं, इथं प्रोसेसर बसतो आजी... आई म्हणायचं तर आजी म्हणाला, एवढा हरखला होता. तिथं एक काळं प्लास्टिकचं झाकण होतं, देवाची कृपा की होतं, त्याच्यावर सासूबाईंनी ओल्या बोटानं हळद-कुंकू लावलं, शेजारच्या पांढऱ्या पत्र्यावर स्वस्तिक काढलं, दोन तांदळाचे दाणे चिकटवले, वरून लाल दोरा बांधला. विटेला पण टिळा, पंख्यांना पण टिळा, सहाच्या सहा. नारळ फोडला. आणि मग रितेशनं ते झाकण काढलं आणि प्रोसेसर उचलला.

तुम्हाला सांगते, मी लांबूनच पाहिलं. प्रोसेसरला खालून पाय होते. बारीक, सोनेरी, शेकड्यानं पाय. आणि बोर्डात वाकून पाहिलं तर तिथंही पाय. दोन्हीकडून पायच. पायावर पाय कसा बसेल? एकाला पाय असले तर दुसऱ्याला भोकं पाहिजेत, हे तर काजाबटणाचं पण आहे. रितेश म्हणतो थोडं दाबून बघू. मी मशीनवरून उडी मारून त्याचा हात धरला. दाबलं असतं तर दोन्ही गेले असते.

हे त्याच्याकडे बघतात, तो ह्यांच्याकडे बघतो. "दादा, मला वाटलं तू पाहिलं." "मला वाटलं तू पाहिलं." पहिल्यांदा दोघं भाऊ समोरासमोर बोलले, तेही हे. मी कपाटातून ती लग्नपत्रिका काढली, उलटी केली आणि पाटावर ठेवली. एकीकडे ए-एम-चार, एकीकडे सतराशे, पेन्सिलीनं. ह्यांनी वाचली, परत वाचली, मान खाली घातली. आणि सासूबाई, ताम्हण हातात, माझ्याकडे बघून काय म्हणाव्यात? "काय वं पूर्णिमा, तुला ठाऊक होतं तर आधी काहून नाही सांगितलं?"

मी मोरीत गेले, नळ सोडला आणि दोन मिनिटं नळाशी बोलले. तो तरी ऐकतो.

दुसऱ्या दिवशी दोघं भैया त्याच दुकानात गेले, मी पण मागं गेले, बघू तरी. आता खुर्ची फिरली, आता चष्मा लावून डब्बे वाचले. "अरे, ये तो बैठेगा ही नहीं." हे म्हणाले, हा ठेवून घ्या आणि जुळणारा द्या. त्यानं बोर्ड उलटा केला, सुलटा केला, स्वस्तिकावर नखानं खरवडून पाहिलं. "इस पे तो तिलक लगा है. ये अब नया कैसे हुआ? कौन लेगा?" आणि मग माझ्याकडे वळून, तुम्हाला सांगते, माझ्याकडे वळून, अगदी प्रेमानं, "भाभीजी, पहले पूछना था ना."

मी हसले. मला वाटतं मी हसले. रितेश म्हणतो माझा चेहरा पाहून मालक खुर्चीसकट मागं सरकला.

चार दिवस संपले, हे गेले. जाताना पोरीला म्हणाले, दिवाळीच्या बोनसवर बघू बेटा. पहिल्या दिवशी सुरतहून फोन. "हं. जेवले. ठेवू?" नऊ सेकंद. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मला वाटलं एवढं सगळं केलं, पेटीवर ठेवलं, पाटावर ठेवलं, आणि हाती काय आलं, नऊ सेकंद.

दुसऱ्या दिवशी काय झालं, पोरगी स्वतःहून फोन घेऊन पाटाजवळ बसली, चष्मा नाकावर, आणि बोर्डाचा डब्बा मांडीवर. "पप्पा, ह्याच्यावर आणखी लिहिलंय, वाचू का?" आणि वाचायला लागली. एकेक अक्षर, एकेक नंबर. तिकडून ते सांगतात ह्याचा अर्थ असा, ही विचारते मग त्याला किती पाय, तिकडून ते सांगतात, ही म्हणते पप्पा, तृप्तीनं आज मला बाकावर जागा दिली, बरं पुढचं वाचू? बत्तीस मिनिटं. मी मोजली. रोज एक डब्बा. मी स्वयंपाकघरातून सांगत होते सावकाश वाच, घाई नाही. पण डब्बे सातच होते हो. काल शेवटचा झाला. आता फक्त खोक्यावर आमच्या घराचा पत्ता राहिलाय, आणि तो तिच्या बापाला पाठ आहे.

म्हणून आज बाजाराला जमलेल्या तुम्हा सगळ्यांसमोर उभी आहे. बहादरपूर, जसोंडी, राजघाट, इकडच्या कुठल्याही गावचा जो कोणी ओळखीचा असेल त्याला सांगा. आमच्याकडे एल-जी-ए सतराशेचा पांढरा बोर्ड आहे, एक दिवस पण चालवलेला नाही, लाइटवाला. ज्याच्याकडे ए-एम-चारचा असाच न वापरलेला पडून असेल त्यानं तो द्यावा आणि हा न्यावा. साधा चालेल, लाइट नको. बोर्डावर कुंकू आहे, ते मी पुसून दिलं असतं, पण सासूबाई पुसू देत नाहीत, तर ते तसंच न्यावं लागेल, लाल दोऱ्यासकट. आणि एवढं करा, भैयाला पाठवू नका. तुमच्या घरातली जी कोणी कुकरचं रबर आणायला झाकण घेऊन जाते ना, तिला पाठवा, आम्ही दोघी दोन मिनिटांत वाचून, जुळवून मोकळ्या होऊ. मला काय कळतं ते मी तिच्याशी बघून घेईन. फक्त तिला म्हणावं अमावस्येला येऊ नको, नाहीतर सासूबाई पुन्हा उंबऱ्यावर आडव्या होतील, आणि तो बोर्ड पण जाईल शबानाभाभींच्या पेटीवर.